झुकतं माप

बांगलादेश युद्धाची गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की सातवं आरमार, 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका, निक्सनचा इंदिराद्वेष हे सगळं वाचकाला तोंडपाठ असतं. ते मी पुन्हा उगाळत नाही. माझा जीव कित्येक वर्षं अडकला आहे तो डिसेंबर १९७१ मधल्या काही टाइप केलेल्या टिपणांत. व्हाइट हाउसच्या 'वॉशिंग्टन स्पेशल ॲक्शन्स ग्रुप' या समितीच्या बैठकांची ही टिपणं. अध्यक्षस्थानी हेन्री किसिंजर. टिपणं लिहिणारे संरक्षण खात्यातले आणि सेनाप्रमुखांच्या कचेरीतले अधिकारी. कोण काय बोललं ते निमूटपणे उतरवून घेणारे. म्हणूनच ती इतकी वाचनीय झाली आहेत.

३ डिसेंबरच्या बैठकीत किसिंजर तक्रार करतात की भारताशी पुरेसं कडक वागत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाने आपल्याला फैलावर घेताहेत. त्यांना माप पाकिस्तानच्या बाजूने झुकवायचं आहे. हे वाक्य पुढे जगभर गाजलं. आणि ७ तारखेला हेच किसिंजर, नाव न छापण्याच्या बोलीवर, पत्रकारांना सांगतात की आमचं सरकार भारतविरोधी आहे हे म्हणणं बरोबर नाही. बोली टिकली नाही. बॅरी गोल्डवॉटर या त्यांच्याच पक्षाच्या सिनेटरने त्या वार्तालापाचा मजकूर कौतुकाने संसदेच्या कामकाजात दाखल करून टाकला. आता एकच माणूस बंद खोलीत काय म्हणतो आणि बाहेर काय, हे ताडून पाहायला फक्त त्या खोलीतला कागद हवा होता.

तो मिळाला जॅक अँडरसनला. ड्र्यू पिअर्सनच्या पश्चात 'वॉशिंग्टन मेरी-गो-राउंड' हा स्तंभ तो चालवत होता. १४ डिसेंबरपासून त्याने गुप्त कागदांतले तुकडे छापायला सुरुवात केली. उद्गार संदर्भ सोडून दिले आहेत, असं किसिंजर म्हणाले, तेव्हा अँडरसनने ३, ४ आणि ६ तारखेची टिपणं सबंधच्या सबंध वृत्तपत्रांना देऊन टाकली. ५ जानेवारी १९७२ ला ती 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये झळकली. घ्या संदर्भ.

आपल्याकडे ही टिपणं अमेरिकेच्या कपटाचा पुरावा म्हणून वाचली गेली. मला वाटतं, ती खरी झोंबायला हवी होती इस्लामाबादला. पाकिस्तान सीटो आणि सेंटो या दोन्ही करारांतला अमेरिकेचा दोस्त. या दोस्तासाठी खोलीत काय चाललं होतं? भारतीय राजदूत लक्ष्मीकांत झा यांना फार वरच्या पातळीवर भेटू द्यायचं नाही, असल्या गोष्टी. ६ डिसेंबरला म्हणजे ढाक्यातल्या शरणागतीच्या दहा दिवस आधी, बैठक पूर्व पाकिस्तान गेल्यातच जमा धरून नव्या देशात दुष्काळ पडला तर काय, यावर बोलते आहे. त्या देशाला अनुदानावर जगणारा कंगाल ठरवणारं ते कुप्रसिद्ध वाक्य याच टिपणात आहे. आजही ते किसिंजरच्या नावावर खपतं, पण बोलले परराष्ट्र खात्यातले ॲलेक्सिस जॉन्सन. किसिंजर इतकंच म्हणाले की तो भार आपल्याच गळ्यात पडेल असं नाही. दोस्ताचं अर्धं राज्य चाललं आहे आणि इथे भार कुणाचा याची चर्चा!

त्याच बैठकीत जॉर्डनच्या विमानांचा विषय निघतो. अमेरिकेने दिलेली लढाऊ विमानं राजे हुसेन यांनी पाकिस्तानला द्यावीत का? परराष्ट्र खात्यातले ख्रिस्तोफर व्हॅन हॉलन नियम सांगतात: जी शस्त्रं आपण स्वतः पाकिस्तानला विकू शकत नाही, ती तिसऱ्यामार्फत पोचवायला परवानगी देता येत नाही. टिपण वाचून वाटतं, विषय मिटला. तसं झालं नाही. जॉर्डनची एफ-१०४ विमानं व्हाइट हाउसच्या मूक संमतीने पाकिस्तानात पोचलीच, आणि चीनने सीमेवर हालचाल करावी म्हणून किसिंजरने १० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये चिनी राजदूत हुआंग हुआ यांना गळ घातली. हे पुरतं कळायला आणखी काही दशकं जावी लागली. फुटलेल्या कागदांत बोलणं होतं, करणी नव्हती.

या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेला माणूस केनेथ कीटिंग. १९६४ मध्ये रॉबर्ट केनेडीकडून हरलेला न्यूयॉर्कचा रिपब्लिकन सिनेटर, आता दिल्लीत राजदूत. किसिंजरच्या वार्तालापाचा वृत्तांत वाचून त्याने ८ डिसेंबरला परराष्ट्रमंत्र्यांना तार केली. यातली विधानं मला ठाऊक असलेल्या वस्तुस्थितीशी जुळत नाहीत, असं मुद्देवार लिहिलं आणि अशाने अमेरिकेच्या शब्दाची पत वाढत नाही, हेही सुनावलं. तीही तार अँडरसनच्या हाती लागली.

आता कागद फोडले कुणी? १४ तारखेचा स्तंभ वाचताच किसिंजरच्या कचेरीत सेनाप्रमुखांचा दुवा म्हणून बसणारे रिअर ॲडमिरल रॉबर्ट वेलँडर चमकले. त्यातला तपशील त्यांच्याच टेबलावरून गेलेला होता. संशय गेला त्यांच्या लघुलेखकावर, चार्ल्स रॅडफर्डवर. नौदलातला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. आधी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत नोकरी केलेला, भारताबद्दल ओढ असलेला. पंथाने मॉर्मन, अँडरसनही मॉर्मन. दिल्लीत अँडरसनच्या आई-वडिलांशी त्याची ओळख झाली होती, आणि स्तंभ छापून येण्याच्या दोनच दिवस आधी तो सपत्नीक अँडरसनबरोबर जेवला होता.

त्याला सत्यशोधक यंत्रापुढे बसवलं. अँडरसनला कागद दिल्याचं त्याने साफ नाकारलं, पण रडत रडत कबूल केलं ते भलतंच: वर्षभर तो किसिंजरच्या कचेरीतले कागद आपल्याच सेनाप्रमुखांसाठी चोरत होता. जाळायला काढलेल्या पिशव्या, टोपलीतले कार्बन, काही सोडलं नाही. जुलैत किसिंजर पोटदुखीचं सोंग करून इस्लामाबादहून पेकिंगला गेले, त्या दौऱ्यात हा लघुलेखक म्हणून बरोबर होता; त्याने थेट साहेबांची बॅग उचकली. सगळं ॲडमिरलांमार्फत संयुक्त सेनाप्रमुख थॉमस मूरर यांच्याकडे जाई. म्हणजे दोस्त राष्ट्राचं गुपित फोडणारा चोर शोधायला निघालेल्या निक्सनला घरातच दुसरी चोरी सापडली.

२१ डिसेंबरच्या संध्याकाळी निक्सन हे ऐकून भडकले. ध्वनिफितीत ते ऐकू येतं. पण ॲटर्नी जनरल मिचेल यांनी सारवासारव करण्याचा सल्ला दिला आणि तो मानला गेला. मूररना पुन्हा त्याच पदावर नेमलं, वेलँडरना समुद्रावर धाडलं, रॅडफर्डला ओरेगॉनला हलवून त्याच्या फोनवर कान ठेवले. खटला कुणावरच नाही. अँडरसनला १९७२ चं पुलित्झर मिळालं. १९७४ मध्ये भांडं फुटलं तेव्हा सिनेटच्या समितीपुढे रॅडफर्डने शपथेवर पुन्हा सांगितलं: अँडरसनला मी काही दिलं नाही. माझा त्यावर विश्वास बसत नाही, पण त्याला कुणी खोटं पाडू शकलं नाही हेही खरं.

दिल्लीतही एक धागा लोंबत राहिला. ८ डिसेंबरच्या टिपणात सीआयएचे रिचर्ड हेल्म्स सांगतात की युद्धबंदी मानण्याआधी इंदिराबाईंना आझाद काश्मीरची दक्षिण हद्द सरळ करून घ्यायची आहे. ही बातमी बाईंच्या अगदी जवळच्या वर्तुळातून निघालेली. आपल्यातला कुणीतरी बोलतो आहे, हे दिल्लीला वर्तमानपत्रातून कळलं! हा बोलणारा कोण, या प्रश्नावर १९८३ मध्ये अमेरिकन पत्रकार सेमूर हर्शने किसिंजरवरच्या पुस्तकात बोट दाखवलं ते मोरारजी देसाईंकडे, आणि त्यांच्यावर सीआयएचे पैसे घेतल्याचा आरोप केला. मोरारजींनी शिकागोत अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९८९ मध्ये तो सुनावणीला आला तेव्हा नव्वदी ओलांडलेले मोरारजी जाऊ शकले नाहीत. किसिंजर साक्षीला आले आणि मोरारजी सीआयएच्या पगारावर असल्याचं आपल्याला माहीत नाही, असं म्हणाले. ज्युरीने हर्शच्या बाजूने कौल दिला. तो माहितगार नेमका कोण, हे त्या कौलाने ठरलं नाही.