चुंबक आणि कार्डावरील पट्टी

भिलाईच्या रुआबांध्यात राहणाऱ्या पोलाद-कामगाराला चुंबकाचे बळ सांगावे लागत नाही. भंगार उचलणारे विद्युतचुंबक त्या उद्योगात नित्याचेच. त्याच्या खिशातील बँकेच्या कार्डाला मात्र पाकिटाचे चुंबकी बटणच अधिक घातक, कारण चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो आणि बटण तर पट्टीला चिकटूनच असते! पट्टीतील सूक्ष्म चुंबकीय कणांच्या दिशांत कार्डाचा क्रमांक नोंदलेला असतो. साध्या पट्टीचे कण उलटण्यास सुमारे ३०० ओर्स्टेडचे क्षेत्र पुरते, कणखर पट्टीस २७५० च्या आसपास लागते. केवळ पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यास रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरची मुदत घातली होती. चिपमधील नोंद विद्युतभाराची. तिला असले चुंबक बाधत नाही. पट्टी असलेले कार्ड बटणापासून वीतभर दूर ठेवले तरी पुरे.