चढाला झोपणारा वायपर

नांदगाव तालुक्यात वायपरची काळजी करणारा माणूस विरळा. इथली ओढ पाण्याच्या टँकरची. पावसाळ्यातले कितीतरी दिवस आभाळ नुसतं भरून येतं आणि चाळीसगावकडे निघून जातं. पण परतीचा पाऊस उतरतो तेव्हा तो संध्याकाळच्या तासाभरात सगळी बाकी चुकती करतो. अशा वेळी माणूस कासारी घाटाच्या चढावर असला आणि गाडी जुनी पेट्रोल जीप असली, तर समोरचं ब्लेड काचेच्या मध्यावर येऊन थांबतं. बंद पडत नाही, थांबतं. ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला की पुन्हा हलायला लागतं. पण मग गाडी थांबते.

"हा चढाला झोपणारच, आप्पा," मिस्त्री जीपच्या मालकाला सांगत होता. "गाडी तरी ओढंल, नाहीतर काच तरी पुसंल. दोन्ही नाही व्हायचं."

आप्पा कांद्याचे शेतकरी. जीप मोठ्या बॉनेटची, सीजे-थ्री-बी. विलिसच्या जीप मुंबईत जोडायला महिंद्रने चाळीसच्या दशकाअखेर सुरुवात केली, त्याच वंशावळीतली ही पुढची पिढी. उंच इंजिन मावावं म्हणून बॉनेट वर उचललेलं. आप्पांना ती रॅलीत मिरवायची नाही, तिच्यातून खरोखर फिरायचं आहे. म्हणून वायपर विजेवर आणायचा बेत ठरला, आणि मी तो पाहायला गॅरेजात बसलो.

काम सुरू करण्याआधी मिस्त्रीने एक खेळ करून दाखवला. वायपरच्या मोटरवरून रबरी पाइप उपसला, त्याच्या तोंडावर माझा अंगठा ठेवायला लावला आणि आप्पांना इंजिन चालू करायला सांगितलं. इंजिन निवांत फिरत होतं तोवर पाइपने अंगठा घट्ट ओढून धरला. मग आप्पांनी झटक्यात ॲक्सिलेटर दाबला आणि ती ओढ गेली. पाय सोडला तशी परत आली, आधीपेक्षा जोरात.

सगळा दोष या एवढ्यातच आहे. पेट्रोल इंजिनात कार्बोरेटरची झडप मिटलेली असते तेव्हा सिलिंडर हवा ओढायला धडपडतात, पण वाट अरुंद. त्यामुळे मेनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. धडधाकट इंजिनात, समुद्रसपाटीच्या गावी, पाऱ्याच्या 18 ते 20 इंचांइतकी. झडप पूर्ण उघडली की हवा मोकळी आत येते आणि पोकळी जवळजवळ शून्यावर उतरते. चढ, ओव्हरटेक, मागे लागलेला ट्रक, म्हणजे ज्या ज्या वेळी पाय खाली जातो, त्या त्या वेळी वायपरला मिळत नाही. उलट घाट उतरताना पाय सुटलेला असतो, तेव्हा तोच वायपर पिसाटासारखा काच झोडपतो. शिवाय समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण इंचभर पोकळी कमी होते, म्हणजे देशावरच्या गाडीला ही मिळकत मुळातच थोडी कमी.

मग असली चीज कोणी केलीच कशाला? कारण ती फुकट होती. 1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी पेटंट घेतलेला वायपर आतून दांडा फिरवून हाताने चालवायचा होता. 1917 मध्ये बफेलो शहरात जॉन ओईशेई यांनी जी कंपनी काढली तीच पुढे ट्रायको. या कंपनीचे पोकळीवर चालणारे वायपर अनेक दशकं अमेरिकी गाड्यांवर होते. बॉश विजेचा वायपर 1926 मध्येच विकत होती, पण त्या काळच्या सहा व्होल्टच्या बॅटरीला आणि अशक्त डायनॅमोला दिवे, हॉर्न आणि स्टार्टर एवढंच पुष्कळ होतं. इंजिन नाहीतरी हवा ओढतंच आहे, तर एक पाइप जोडून घ्यावा, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या एएमसी कंपनीच्या काही गाड्यांवर हे वायपर 1972 पर्यंत टिकले.

मिस्त्रीने जुनी मोटर उघडली. मोटर म्हणायचं, पण आत फिरणारं काहीच नाही. अर्धगोल डबी, तिच्यात एक पातं, पात्याच्या कडेला चामड्याची पट्टी. वर बोटभर लांबीची झडप, स्प्रिंगवर टकटक उलटणारी. ती पात्याच्या एका बाजूला पोकळी देते, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. पातं टोकाला पोचलं की झडप उलटते आणि पातं माघारी. इतकं साधं यंत्र मला तरी आवडलं. पण नांदगावच्या उन्हाळ्यांनी चामडं खापरासारखं कडक झालं होतं आणि हवा कडेने निसटत होती. तेल पाजून चामडं मऊ करता येतं, तसं केल्यावर वायपर सपाटीला बरा चालतोही. ज्यांची गाडी वर्षातून एकदा थंडीतल्या मेळाव्याला निघते त्यांनी एवढंच करावं आणि थांबावं, असं माझं मत. घाटाचा चढ मात्र चामड्याने सुटत नाही.

काही जीपना यावर कारखान्याचाच एक तोडगा होता: पेट्रोल पंपाच्या जोडीला दुसरा पडदा, खास वायपरसाठी हवा ओढणारा. तो पडदा फाटला की इंजिनातलं ऑइल त्या वाटेने मेनिफोल्डमध्ये जातं, आणि मागून निळा धूर. असा धूर पाहून रिंगा गेल्या म्हणत इंजिन खोलून बसलेले लोक या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. आणि ज्यांनी जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं त्यांचा प्रश्नच निराळा. डिझेलला हवेची झडप नाही, म्हणून मेनिफोल्डमध्ये पोकळीही नाही. त्या जीपचा वायपर इंजिन बदललं त्याच दिवशी मेला.

ट्रॅक्टर-जीपच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एका वायपरपुरती छोटी मोटर मिळते, बारा व्होल्टची. आत विजेची मोटर, दातेरी चक्रं आणि एक भुजा, जी गोल फिरण्याचं मागेपुढे हलण्यात रूपांतर करते. आप्पांची जीप आधीच्या मालकाने बारा व्होल्टवर आणलेली होती, ते बरं झालं. सहा व्होल्टवर तेवढंच काम करायला दुप्पट करंट लागतो, आणि रात्रीच्या पावसात दिवे लावून घाट चढताना जुन्या डायनॅमोकडे तो नसतो.

मला वाटलं होतं, मोटर बसवली की काम संपलं. मोटर बसवायला फार वेळ गेलाच नाही; वेळ गेला तो भोकांत. नव्या मोटरचे बोल्ट जुन्या भोकांवर येत नव्हते. दुसरा कोणी असता तर त्याने ड्रिल उचललं असतं. मिस्त्रीने पत्र्याची पट्टी कापली, ती जुन्या भोकांवर कसली आणि मोटर त्या पट्टीवर बसवली. "चौकटीला नवं भोक पाडायचं नाही. उद्या कोणाला जुनंच लावायचं झालं तर?" स्पिंडलची जाडीही जुळेना, तेव्हा शेजारच्या लेथवाल्याकडून पितळी बुश आतून कापून आणला.

मग झाडझूड किती अंशांची, हा वाद. मोटरची भुजा ब्लेडला ठरावीक कोनातच फिरवते. कोन मोठा झाला तर ब्लेड चौकटीवर आपटतं. हवेवरचा वायपर अडला की निमूट थांबायचा, त्याला बोटानेही धरता येई. विजेचा थांबत नाही, एकतर दांडी वाकवतो नाहीतर स्वतः जळतो. मिस्त्रीने काचेवर खडूने दोन रेघा मारल्या, दांडी एकेक दाता सरकवत बसवली आणि काचेवर बादलीभर पाणी ओतूनच बटण दाबलं. कोरड्या काचेवर कधी नाही. इथल्या धुळीवर ब्लेड कोरडं फिरलं तर काचेवर कायमची कमान उमटते.

वायरिंगमध्ये त्याने एका गोष्टीवर फार वेळ घालवला, ती म्हणजे अर्थ. जीपची काच बॉनेटवर आडवी पडते, म्हणजे काचेची चौकट आणि बॉडी यांच्यामध्ये फक्त बिजागऱ्या, त्याही रंगाखाली गंजलेल्या. त्यांच्या भरवशावर करंट परत येईल असं धरलं तर वायपर मर्जीप्रमाणे चालतो. म्हणून अर्थची वेगळी वायर, आणि सगळ्या वायरींना बिजागरीपाशी ढिला वेढा, काच पाडली तरी ताण न यावा म्हणून. मोटर दोन-तीन अँपियर घेते. तिला स्वतंत्र फ्यूज. एक वायर बटणाला वळसा घालून थेट मोटरला, म्हणजे बटण बंद केलं तरी ब्लेड खाली जागेवर जाऊनच थांबतं.

आणि मेनिफोल्डचं भोक. पाइप काढून ते उघडं राहिलं तर फुकटची हवा आत जाते आणि इंजिन उभ्या जागी अडखळतं. मिस्त्रीने पितळी बूच कसलं आणि इंजिन चालू केलं. आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं. जीप पूर्वीपेक्षा एकसारखी फिरत होती. जुना पाइपच चिरलेला होता. त्या हवेपायी आप्पांनी कार्बोरेटर कितीदा साफ करून घेतला होता, त्याचा हिशेब त्यांनी तोंडी मांडला. जुन्या गाडीचं आयडलिंग बिघडलं तर आधी वायपरचा पाइप पकडीने चिमटून पाहावा. आवाज बदलला तर चोर तिथेच.

हे करणं गाडीशी बेइमानी आहे का, हा प्रश्न हौशी मंडळींत निघतोच. सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, नंबरात 'व्हीए' अक्षरांचे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी, ही त्यातली अट. चासी, बॉडी आणि इंजिन यांतले मोठे फेरफार त्यात बसत नाहीत. पत्र्याच्या एका पट्टीवर बसलेली मोटर त्या फेरफारांत मोडेल असं मला वाटत नाही. तसंही त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि आप्पांना जीप रोजच्या वापरालाच हवी. रस्त्यावरच्या गाडीला तर केंद्रीय मोटार वाहन नियम चालता, कामाचा वायपर मागतात. चढाला झोपणारा वायपर कामाचा कसा म्हणायचा? जुन्या ट्रक ड्रायव्हरांकडे यावर तंबाखूची पुडी असे, काचेवर चोळायला. आप्पाही तो उपाय सांगून बघत होते, पण मनापासून नाही.

जुनी मोटर मिस्त्रीने पुसली, पात्याला तेल दिलं, स्क्रूंसकट कापडात गुंडाळून सीटखालच्या पेटीत ठेवली. मग आप्पांनी दुसऱ्या बाजूच्या वायपरकडे बोट दाखवलं. तो कारखान्यातूनच हाताने फिरवायचा आला होता, आत छोटी मूठ असलेला. त्यालाही मोटर लावून टाकू का, असं विचारलं.

"नको," मिस्त्री म्हणाला. "तो चांगला आहे. शेजारी जो बसंल त्याला कामाला लावा."