संगणक विश्वास कोणावर ठेवतो?

मी सौसरचा. सौसर आणि पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात असले, तरी आमच्या घरची भाषा मराठी, शाळा मराठी आणि बाजारातली भाषा अर्धी हिंदी. कानडी मी इथे आल्यावर शिकू लागलो. पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. माझा रहिवासी दाखला त्याआधीचा, म्हणून त्यावर जिल्हा छिंदवाडा असे आहे. कॉलेजात प्रवेश घेताना ऑफिसातील कारकुनांनी तो दाखला उलटसुलट पाहिला आणि विचारले, "हे सौसरचे तहसीलदार कोण? आम्ही त्यांची सही कशी ओळखणार?" प्रश्न रास्त होता. शेवटी त्यांनी दाखल्यावरचा क्रमांक मध्य प्रदेश शासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहिला, नोंद जुळली आणि मला प्रवेश मिळाला.

पण तेव्हापासून एक शंका मनात घोळू लागली. कारकून तहसीलदारांना ओळखत नव्हते हे खरे. पण त्यांचा संगणक तरी त्या संकेतस्थळाला कोठे ओळखत होता? वाटेत एखादा तोतया शासनाच्या नावाने उत्तरे देत बसला नाही, हे त्याने कशावरून ठरवले?

उत्तर असे की संगणकही दाखलाच मागतो. संकेतस्थळ उघडताच ते आपले प्रमाणपत्र पुढे करते. त्यात संकेतस्थळाचे नाव, त्याची जाहीर किल्ली, मुदत, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव आणि त्या संस्थेची सही असते. प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते : एक जाहीर, एक खाजगी. खाजगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते, पण तशी सही दुसऱ्या कोणाला करता येत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये यासाठी जी गणिती रीत शोधली, ती आजही वापरात आहे.

आता सही करणाऱ्याला कोण ओळखतो? आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. बँकेतील नमुना सहीचे कार्ड आपल्याला ठाऊक आहे. चेकवरची सही त्या कार्डाशी ताडून पाहतात. संगणकातही अशा नमुन्यांचा संच आधीपासूनच भरलेला असतो. त्यांना मूळ प्रमाणपत्रे म्हणतात. कोणाला संचात घ्यायचे आणि कोणाला काढायचे, हे मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गुगल, मोझिला यांसारख्या संस्था ठरवतात. मूळ संस्था आपली खाजगी किल्ली कडेकोट बंदोबस्तात ठेवते आणि मधल्या प्रमाणपत्रावर सही करते. ते मधले प्रमाणपत्र संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर सही करते. तहसीलदारांमागे जिल्हाधिकारी आणि त्यांच्यामागे शासन, तशीच ही साखळी. मुळावरची सही मात्र त्याची स्वतःचीच असते. ते संचात आहे, एवढाच त्याच्यावरील विश्वासाचा आधार. गंमत म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या या संस्थांनाही इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सी. ए.' म्हणतात. आपल्या सी. ए.प्रमाणे यांच्याही सहीवर परके लोक विसंबतात.

साखळी जुळली तरी काम संपत नाही. प्रमाणपत्रावरचे नाव आणि आपण उघडलेले नाव एकच आहे का? मुदत चालू आहे का? ते रद्द तर झालेले नाही? शिवाय प्रमाणपत्राची नक्कल कोणीही पुढे करील, म्हणून संकेतस्थळाला त्याच वेळी ताजी सही करून खाजगी किल्ली आपल्याजवळ असल्याचे सिद्ध करावे लागते. पांढुर्ण्याच्या एका दुकानात मी परीक्षेचा फॉर्म भरायला बसलो, तर प्रत्येक संकेतस्थळावर धोक्याची सूचना येई. पाहतो तो संगणकाची आतली बॅटरी संपून तारीख पंधरा वर्षे मागे गेलेली! त्याच्या लेखी एकाही प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नव्हती. तारीख सुधारताच फॉर्म भरता आला.

मग ही साखळी कधी फसतच नाही का? फसते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर केंद्र सरकारचा नियंत्रक आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलला आढळले की, नियंत्रकाच्या मुळाखाली काम करणाऱ्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या मधल्या प्रमाणपत्रांवरून गुगलच्या नावाची प्रमाणपत्रे परवानगीवाचून निघाली आहेत. ते मूळ मायक्रोसॉफ्टच्या संचात होते, त्यामुळे विंडोजवरील अनेक प्रोग्रॅम फसण्याजोगे होते. मोझिलाच्या संचात ते नव्हते, म्हणून फायरफॉक्सला धोका नव्हता. नियंत्रकाने ३ जुलैला ती मधली प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे गुगलने आपल्या क्रोममध्ये त्या मुळाचा अधिकार काही ठरावीक भारतीय नावांपुरताच ठेवला. एका कडीत दोष निघाला की तिच्याखालच्या सगळ्यांवरचा विश्वास जातो, तो असा.

हे सारे मी शिकलो, ते मात्र उशिरा. पांढुर्ण्याला माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. त्यांना मीच एकदा सांगितले होते की, पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की काळजी नाही. पुढे वीजबिल थकल्याचा संदेश त्यांना आला. त्यातला पत्ता उघडून त्यांनी बँकेची माहिती भरली आणि खात्यातून १८,००० रुपये गेले. मी घरी गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कुलूप तं होतं ना बापू! तूच तं सांगतलं होतं."

कुलूप होते आणि खरेही होते. भामट्यांनी वीज कंपनीच्या नावासारखे दिसणारे स्वतःचे नाव घेतले होते आणि त्या नावाचे रीतसर प्रमाणपत्र मिळवले होते. आज साधे प्रमाणपत्र फुकटही मिळते. ते देताना अर्जदाराचा त्या नावावर ताबा आहे की नाही, एवढेच पाहतात. त्याची नियत पाहत नाहीत. संगणकाने आपले काम चोख केले होते. चूक माझ्या अर्धवट सांगण्यात होती.

मित्रहो, कुलूप दोनच गोष्टी सांगते : तुम्ही उघडलेल्या नावाशीच तुमचा संबंध जुळला आहे आणि वाटेत कोणी तुमचे बोलणे वाचत नाही. त्या नावामागचा माणूस सज्जन की भामटा, हे ते सांगत नाही. मामांना मी आता पुन्हा समजावले आहे : आधी नाव एकेक अक्षर वाचा, मग कुलूप पाहा, आणि कुणी पाठवलेल्या पत्त्यावरून पैसे भरूच नका. तुमच्याही घरी कोणाला कुलपाविषयी सांगाल, तर एवढे पूर्ण सांगा.