उणे कार्बन

पावसाळा सरताना एका गावच्या नळयोजनेच्या विहिरीचे पाणी आमच्या प्रयोगशाळेत आले. कितीही क्लोरीन टाकले तरी शेवटच्या नळाला ते सापडत नाही, अशी तक्रार होती. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथवर उरावे लागते. पाणी तर काचेसारखे नितळ! मी त्यातला सेंद्रिय कार्बन मोजला. उत्तर आले उणे ०.४ मिलिग्रॅम. एखादी वस्तू नसेल तर शून्य. शून्याहून कमी कशी असेल?

चूक यंत्राची नव्हती, रीतीची होती. पाण्यातला कार्बन दोन प्रकारचा. पालापाचोळा, शेण, सांडपाणी यांतून येतो तो सेंद्रिय. बायकार्बोनेटच्या रूपात असतो तो असेंद्रिय. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींत हा दुसरा भरपूर. इथे तो ६० मिलिग्रॅम होता. मी एकूण कार्बनातून असेंद्रिय वजा केला होता. दोन्ही मापांत शेकडा तीनची चूक उलटसुलट पडली, तरी वजाबाकी साडेतीन मिलिग्रॅमने हुकते. बैलगाडीसकट कोथिंबिरीची जुडी तोलण्याचाच हा प्रकार.

मग दुसरी रीत धरली. नमुन्यात आम्ल घालून त्यातून शुद्ध हवा फुंकली. बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन, सोड्याच्या बाटलीतल्यासारखा, उडून गेला. उरलेले पाणी ६८० अंशांच्या भट्टीत प्लॅटिनमवर जाळले आणि निघालेला वायू अवरक्त किरणांनी मोजला. फुंकताना काही उडनशील सेंद्रिय द्रव्येही निसटतात. विहिरीच्या पाण्यात ती सहसा नगण्य. उत्तर आले ३.१.

म्हणजे क्लोरीन हाच कार्बन खात होता. पहिल्या आकड्यावर विसंबून गावाने मात्रा दुप्पट केली असती. पण पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगे बनतात, हे योहानेस रूक या डच रसायनतज्ज्ञाने १९७४ मध्ये दाखवून दिले आहे. म्हणून क्लोरीन बंद करावे असे मात्र नव्हे. कॉलरा आणि काविळीचा धोका त्याहून कितीतरी मोठा. आधी कार्बन कमी करावा, मग क्लोरीन घालावे.

मी कळवले: विहीर उपसा, कठड्यालगतचा उकिरडा हलवा, मग पुन्हा नमुना पाठवा. उणे ०.४ चा तो कागद अजून माझ्या खणात आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी तोच दाखवतो.