गाढवाला पट्टे, सॅलडला जन्म : तिहुआना

सीझर सॅलडचा रोमच्या सीझरशी काडीचाही संबंध नाही. ते जन्मलं मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेला अगदी खेटून असलेल्या तिहुआनात, आणि तेही एका इटालियन माणसाच्या हातून.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. कॅलिफोर्नियातली तहानलेली मंडळी सुट्टीच्या दिवशी सीमा ओलांडून इकडे लोटायची. सीझर कार्दिनी राहायचा सॅन डिएगोत, पण रेस्तराँ त्याने थाटलं तिहुआनात. ४ जुलै १९२४, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. गर्दी इतकी उसळली की स्वयंपाकघरातलं सामान संपत आलं. मग रोमेन लेट्यूस, अंडं, लसूण, ऑलिव्ह तेल, पार्मेसान चीज आणि कुरकुरीत पावाचे तुकडे एवढंच घेऊन त्याने गिऱ्हाइकांच्या टेबलापाशी उभं राहून सॅलड कालवलं. ही हकिकत त्याच्या मुलीने सांगितलेली. पुढे त्याच्या भावानेही या शोधावर हक्क सांगितला. अमेरिकेची लाडकी पाककृती-लेखिका ज्युलिया चाइल्ड लहानपणी आईवडिलांबरोबर इथे येऊन हे सॅलड खाऊन गेली होती आणि ती आठवण तिने पुढे लिहूनही ठेवली.

‘सीझर्स’ आजही अवेनिदा रेव्होलुसिओन या मुख्य रस्त्यावर आहे. वेटर छोटी गाडी ढकलत तुमच्या टेबलाशी येतो आणि मोठ्या लाकडी वाडग्यात सगळं तुमच्यासमोर घोळतो. शाकाहारी मंडळींनी मात्र ‘सॅलड’ या नावावर जाऊ नये. त्यात कच्चं-पक्कं अंडं असतं आणि अँकोव्ही ही खारवलेली छोटी मासळीही असते. आधी विचारा, मग मागवा.

आधी रेषा, मग शहर

बहुतेक सीमाशहरं आधी वसतात आणि सीमा नंतर येऊन त्यांना चिरते. तिहुआनाचं उलटं आहे. अमेरिका-मेक्सिको युद्ध १८४८ च्या तहाने संपलं आणि नवी सीमा ठरली : सॅन डिएगोच्या उपसागराच्या दक्षिण टोकापासून एक सागरी लीग खाली, समुद्रापासून सुरू. तेव्हा इथे गुरांची कुरणं होती. शहराची अधिकृत जन्मतारीख ११ जुलै १८८९, म्हणजे रेषा शहरापेक्षा एक्केचाळीस वर्षांनी मोठी! हे एकदा ध्यानात आलं की तिहुआनातल्या अर्ध्या गमतीजमतींचा उलगडा होतो. सॅलड, जुगार, पट्टेरी गाढवं, टीव्हीचे कारखाने, विमानतळाचा पूल, सगळं त्या रेषेमुळे. तिच्या दोन बाजूंना कायदे वेगळे, भाव वेगळे, पगार वेगळे. आणि या फरकातून काहीतरी घडवण्यात इथल्या लोकांचा हात धरणारं कुणी नाही.

आज हे मेक्सिकोतल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या पुढे होती. ‘इथून मायभूमी सुरू होते’ असं तिहुआनाचं अभिमानाचं बोधवाक्य आहे. उत्तरेकडून येणाऱ्याला खरंच पूर्ण लॅटिन अमेरिका इथून सुरू होते.

जायचं कसं?

मुलाकडे किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलेल्या आईबाबांसाठी ही माहिती मोलाची : भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त आपला अमेरिकी व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे निघण्यापूर्वी डोळ्यांखालून घाला. नाहीतर जाणं सोपं आणि परत येणं अशक्य.

सॅन डिएगोच्या मध्यवस्तीतून लाल रंगाची ट्रॉली पकडा. ही ब्लू लाइन १९८१ मध्ये सुरू झाली आणि साधारण पाऊण तासात सॅन इसिद्रोला, अगदी सीमेच्या तोंडाशी, सोडते. तिथून चालत मेक्सिकोत. दक्षिणेकडे जाताना पासपोर्ट दाखवून बहुधा झटपट सुटका होते. परतताना मात्र जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सीमानाक्यांपैकी एकाच्या रांगेत तुम्ही असता. रोज सरासरी ७० हजार वाहनप्रवासी आणि २० हजार पादचारी इथून उत्तरेकडे जातात. त्यात शाळेला निघालेली मुलं असतात, पलीकडे नोकरीला जाणारे माळी, नर्स, स्वयंपाकी असतात. पहाटे अंधारात घर सोडून, रांग लावून, दुसऱ्या देशात कामाला पोहोचणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

विमानाने येणाऱ्यांसाठी याहून अफलातून सोय आहे. तिहुआनाचा विमानतळ सीमेला इतका चिकटून आहे की डिसेंबर २०१५ मध्ये टर्मिनलपासून थेट अमेरिकेत जाणारा पादचारी पूलच खुला झाला. लांबी जेमतेम १२० मीटर. गाडी अमेरिकेत लावायची, तिकीट दाखवून पूल ओलांडायचा आणि मेक्सिकोतल्या विमानात बसायचं.

आणि घड्याळाला हात लावू नका. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केली, पण सीमेवरच्या भागांना त्यातून वगळलं. सॅन डिएगोत घड्याळ पुढे सरकलं की तिहुआनातही सरकतं. दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांचं, शाळांचं, पाळ्यांचं वेळापत्रक तेवढ्याने वाचलं.

झेब्रा? छे, गाढव!

रेव्होलुसिओनच्या कोपऱ्यावर रंगीत गाडीला जुंपलेला झेब्रा दिसला तर जवळ जाऊन बघा. ते पांढरं गाढव आहे, वर काळे पट्टे रंगवलेले. पर्यटकांना मोठाल्या टोप्या घालून गाडीत बसवायचं आणि फोटो काढायचा, हा इथला जुना धंदा. पण कृष्णधवल छायाचित्रात फिकट गाढव नीट उमटेना. मग कुणीतरी पट्टे ओढले आणि गाढव फोटोत झळकलं! रंगीत फिल्म आली, मोबाइल आले, पट्टे मात्र राहिले. शहराच्या बास्केटबॉल संघाचं नावही ‘झोंकीज’, म्हणजे हेच झेब्रा-गाढव. त्या जनावराला दिवसभर रस्त्यावर उभं राहावं लागतं, हे मला खटकतं. आता असे गाडीवाले मोजकेच उरले आहेत.

फुटबॉल संघाचं नावही प्राण्यावरूनच आहे : ‘शोलोस’. शोलोइत्सक्विंत्ली हा मेक्सिकोचा प्राचीन, अंगावर केस नसलेला कुत्रा. क्लब स्थापन झाला २००७ मध्ये आणि २०१२ मध्ये मेक्सिकोच्या पहिल्या श्रेणीच्या लीगचं विजेतेपद घेऊन मोकळा झाला.

जुगारखान्याची शाळा झाली

दारूबंदीच्या काळात तिहुआनात पैसा नुसता वाहत होता. १९२८ मध्ये ‘आग्वा कालिएंते’ नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांजवळचं भव्य हॉटेल आणि जुगारघर उघडलं, पाठोपाठ घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. हॉलिवूडचे सितारे इथे राबता ठेवून असत. मार्गारीटा कान्सिनो नावाची एक कोवळी मुलगी वडिलांबरोबर इथे नाचायची. कॅलिफोर्नियाच्या नाइटक्लबांत नाचण्याइतकं तिचं वय नव्हतं, म्हणून सीमेपलीकडे. इथेच एका स्टुडिओप्रमुखाची नजर तिच्यावर पडली आणि जग तिला रीटा हेवर्थ म्हणून ओळखू लागलं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात दैवत झालेला घोडा फार लॅप १९३२ मध्ये त्याची शेवटची शर्यत इथेच जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅलिफोर्नियात त्याचा मृत्यू झाला.

पुढे १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी जुगारावर बंदी घातली. रूलेटची चक्रं थांबली आणि त्या आवारात शाळा भरू लागली! शाळेला नाव मिळालं कार्देनास यांचंच. बंदी घालणाऱ्याने जागा ओस पडू दिली नाही, तिथे मुलं आणून बसवली. तिहुआनाच्या इतिहासातलं हे माझं सर्वांत आवडतं पान आहे.

याआधीचं एक पान विचित्र आहे. मेक्सिकोच्या क्रांतीत, मे १९११ मध्ये, बंडखोरांनी तिहुआना जिंकलं. लढाई चालू असताना सॅन डिएगोचे लोक सीमेपलीकडे जमून ती तमाशा बघावा तशी बघत होते. शहर पडल्यावर उत्सुक मंडळी फिरायलाही आली. जूनमध्ये सरकारी फौजेने शहर परत घेतलं.

रेषेशी खेळणारे

शहराच्या पश्चिमेला प्लायास दे तिहुआना. इथे सीमेचं कुंपण वाळूतून चालत थेट पॅसिफिक महासागरात शिरतं. अलीकडे लोक भेळवाल्याची वाट बघावी तशा निवांतपणे फळं आणि शहाळी घेऊन बसलेले, पलीकडे गस्तीची गाडी. कुंपणाच्या अमेरिकन बाजूला १९७१ मध्ये पॅट निक्सन यांच्या हस्ते ‘फ्रेंडशिप पार्क’चं उद्घाटन झालं तेव्हा मध्ये नुसती तार होती. ताटातूट झालेली कुटुंबं वर्षानुवर्षं इथे येऊन कुंपणाच्या फटींतून बोटं लावून भेटली. २०२३ मध्ये जुनं कुंपण काढून तिथे ३० फुटी भिंत उभी राहू लागली. इथे अवश्य जा आणि घाईने निघू नका.

पण या भिंतीपुढे कलावंत गप्प बसलेले नाहीत. १९९७ मध्ये मार्कोस रामिरेस या तिहुआनाच्याच कलाकाराने सॅन इसिद्रोच्या नाक्यावर, गाड्यांच्या ऐन गर्दीत, भलाथोरला लाकडी ट्रोजन घोडा उभा केला. त्याला तोंडं दोन : एक अमेरिकेकडे, एक मेक्सिकोकडे. शरीर जाळीदार फळ्यांचं, आरपार दिसणारं, म्हणजे पोटात कुणी लपलेलं नाही हे सगळ्यांना कळावं. २००५ मध्ये तर कळसच झाला. हाविएर तेयेस या कलाकाराच्या प्रयोगात डेव्हिड स्मिथ हा सर्कशीतला कसरतपटू प्लायासच्या किनाऱ्यावर तोफेत शिरला. त्याआधी त्याने जमलेल्या लोकांना आपला पासपोर्ट दाखवला. मग धडाम! आणि तो कुंपणावरून उडून अमेरिकेत जाळ्यात पडला.

सीमेला न जुमानणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तिहुआना नदी. ती मेक्सिकोतून उत्तरेला वाहत जाऊन अमेरिकेच्या हद्दीत समुद्राला मिळते. सोबत शहराचं सांडपाणीही जातं आणि त्यापायी अमेरिकेतल्या इंपीरियल बीचचे किनारे वारंवार बंद ठेवावे लागतात. यावरचा उपाय दोन्ही देशांनी मिळूनच करायला हवा.

कानांसाठी, पोटासाठी

गिटारवादक कार्लोस सांताना मूळचा हालिस्को प्रांतातला, पण पोरवयात कुटुंबासह तिहुआनात आला आणि रेव्होलुसिओनवरच्या क्लबांत वाजवतच घडला. १९९९ मध्ये इथल्याच तरुणांनी ‘नोर्तेक कलेक्टिव्ह’ काढलं : उत्तर मेक्सिकोचं अकॉर्डियन-ट्युबाचं लोकसंगीत आणि टेक्नो यांचा असा मेळ की पाय आपोआप हलतात. ‘तिहुआना ब्रास’ हे नाव ऐकलं असेल, तर तो बँड मात्र कॅलिफोर्नियाचा. हर्ब अल्पर्टला तिहुआनातली बैलझुंज पाहून धून सुचली आणि १९६२ मध्ये तो गाजला. गिटारचा विषय निघालाच आहे, तर जवळच्या तेकातेत टेलर आणि एन्सेनादात फेंडर या नामांकित गिटारींचे कारखाने आहेत.

कारखाने हा इथला खरा कणा. १९६५ च्या सरकारी योजनेने सीमेवर ‘माकिलादोरा’ उभ्या राहिल्या : सुटे भाग बाहेरून आणायचे, जोडणी इथे करायची, माल पलीकडे धाडायचा. टीव्ही संच, वैद्यकीय उपकरणं, टोयोटाचे पिकअप ट्रक, सगळं इथे तयार होतं.

खाण्यात मेस्कीट लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाचे, म्हणजे कार्ने आसादा टाको इथली शान आहेत. आणि तोस्तिलोकोस चुकवू नका! मक्याच्या चिप्सची पिशवी आडवी कापतात आणि तिच्यातच काकडी, हिकामा नावाचा गोडसर कंद, शेंगदाणे, लिंबू आणि तिखट सॉस ओततात. तिहुआनाच्याच गाड्यांवर जन्मलेलं हे खाणं. त्यात डुकराच्या कातडीचे मुरवलेले तुकडेही घालतात, नको असतील तर ‘सिन क्वेरीतोस’ म्हणा. मेर्कादो इदाल्गोत चीज, चिंच आणि वाळवलेल्या मिरच्यांचे ढीग बघायला एक सकाळ राखून ठेवा. २०१६ नंतर अमेरिकेच्या वाटेवर अडकलेले हजारो हैतीवासीय इथे आले. बरेचजण इथेच स्थिरावले, त्यामुळे हैतीच्या खानावळीही सापडतील.

पाच मजली बाई

विमानतळाजवळच्या एका साध्या वस्तीत ‘ला मोना’ आहे : हात उंचावून उभी असलेली पाच मजली पांढरी स्त्री, आणि तिच्या पोटात घर! आर्मांदो मुन्योस गार्सिया या शिल्पकाराला शहराच्या शताब्दीनिमित्त मुख्य चौकात ही मूर्ती उभारायची होती. परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्याने ती आपल्या वस्तीत बांधली आणि आत राहायला गेला.

गुन्हेगारीचा प्रश्न इथे खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मध्यवस्ती, सोना रिओ आणि प्लायास या गजबजलेल्या भागांत फिरा, रात्री ॲपवरची टॅक्सी घ्या, अनोळखी गल्ल्यांत शिरू नका. सोना रिओमध्ये सेकुत हे सांस्कृतिक केंद्र आहे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या प्रचंड गोलाला गावकरी ‘ला बोला’ म्हणतात. आत बाजा कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचं उत्तम संग्रहालय आहे. तिथून सुरुवात करा, कारण त्यानंतर रस्त्यावरचं सगळं अधिक कळतं. परत निघायला रविवारची संध्याकाळ टाळा. गाडीने असाल तर रांग तासन् तास सरकत नाही, पण गाड्यांच्या मधून विक्रेते फिरत असतात. गरमागरम चुर्रो घ्या, आणि पासपोर्टला साखरेचे हात लावू नका.