टँकर उलटला? कॅन घरीच राहू द्या

वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी. हैदराबादच्या महामार्गावरच्या आपल्या या गावांतून टँकर रात्रंदिवस धावतात. यवतमाळ-आर्णी-उमरखेड रस्त्यावरही तेच. एखादा उलटला की गावात पहिला प्रश्न एकच, "कायचा हाय?" पेट्रोल-डिझेलचा आहे म्हटलं की कॅन, बादल्या निघाल्याच!

सातारा जिल्ह्यात 29 ऑक्टोबर 1987 ला काय झालं ते ऐका. कवठे गावाजवळ पहाटे 3 वाजता पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकला, रस्त्यापासून वीसेक फूट खाली गेला आणि गळू लागला. स्फोट झाला तो सव्वासातला! मधल्या सव्वाचार तासांत लोक जमले होते. अनेक भाजले, काही दगावले. धडक वेगळी, स्फोट वेगळा, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1991 मध्ये निकाल वारसांच्या बाजूने लागला. चूक कोणाची हे न पाहता मृत्यूबद्दल द्यायची रक्कम तेव्हाच्या कायद्यात होती 15 हजार रुपये.

पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून 2017 मध्ये असंच तेल भरायला धावलेले दोनशेच्या वर लोक गेले.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती दिसत नाही, नालीत, खोलगट जागेत साचून राहते. बिडी लागते कशाला, मोटारसायकलची ठिणगीही पुरे.

मग करावं काय? उफणताना आपण वारा पाहतोच ना! ज्या बाजूने वारा येतो तिकडे, उंचावर आणि लांब थांबा. आग लागली असेल तर निदान 800 मीटर दूर. टँकरवर पाटी असते. मालाचं नाव, चार आकडी नंबर आणि फोन नंबर त्यावर लिहिणं 1989 च्या मोटार वाहन नियमांनी सक्तीचं आहे. 1203 म्हणजे पेट्रोल, 1005 म्हणजे अमोनिया. लांबूनच वाचता आला तर 112 वर तोच नंबर सांगा. वाचायला जवळ मात्र जाऊ नका.

टँकर तरी क्वचित उलटतो. फवारणीचं औषध हंगामात रोज फिरतं, तेही किराणा अन् माणसांसोबत एकाच ऑटोत. 2017 मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-मजूर गेले, तरी ही सवय सुटली नाही. बाटली फुटली तर गाडी थांबवून माणसं उतरवा. पाणी ओतू नका, ते विष नाल्यात जातं. कोरडी माती टाका, हातमोजे घालून फावड्याने भरून घ्या. भिजलेली डाळ, पीठ ढोरांनाही घालू नका. अंगावर उडालं असेल तर कपडे तिथेच काढा, साबणाने भरपूर धुवा. आणि बाटलीचं लेबल जपून ठेवा. दवाखान्यात डॉक्टर आधी औषधाचं नाव विचारतात.