समजून घ्या : मटण मऊ करणारी पपई चेहऱ्यावर ‘सौम्य’ कशी ठरते?

मटण लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पपईतला जो घटक मांसातली प्रथिने तोडतो, तोच आज ‘एन्झाइम एक्सफोलिएटर’ या नावाने फेस वॉश, मास्क आणि पीलमध्ये विकला जातो. पाकिटावर एक शब्द हमखास असतो : ‘जेंटल’. स्क्रबने त्वचा खरवडते, ॲसिडने चुरचुरते, एन्झाइम मात्र फक्त मृत त्वचा ‘खाते’, असा त्याचा प्रचार.

हा दावा अर्धाच खरा आहे. एन्झाइम सौम्य ठरू शकते. पण ते किती, किती वेळ आणि कशा त्वचेवर लावले, यावर सगळे अवलंबून असते. ही गोष्ट नीट समजून घेऊ.

मृत त्वचा काढायची गरजच काय?

त्वचेचा सर्वात बाहेरचा थर साधारण १५ ते २० पदरांचा असतो आणि त्यातल्या पेशी मृत असतात. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. शिवाय शेजारच्या दोन विटांना घट्ट धरून ठेवणारे प्रथिनांचे बारीक रिव्हेट असतात. त्यांना कॉर्निओडेस्मोझोम म्हणतात.

पेशी वर सरकत जाते तसे त्वचेतलीच काही एन्झाइम हे रिव्हेट कापतात. त्यांना कॅलिक्राइन म्हणतात. सुटलेल्या पेशी डोळ्यांना न दिसता गळून जातात. म्हणजे प्रथिने तोडून मृत पेशी मोकळ्या करण्याची युक्ती मुळात त्वचेचीच आहे. कंपन्यांनी ती फक्त बाहेरून लावायला सुरुवात केली.

त्वचेतल्या एन्झाइमना काम करायला पाणी लागते. त्वचा कोरडी पडली की त्यांचा वेग मंदावतो. मग पेशी एकेकट्या न सुटता पुंजक्याने निघतात. त्वचा खरखरीत दिसते, पापुद्रे सुटतात. वयानुसारही हा वेग कमी होतो.

या यंत्रणेला शरीराने ब्रेकही दिलेला आहे. ‘स्पिंक-५’ या जनुकापासून तयार होणारे एक प्रथिन कॅलिक्राइनना आवरून धरते. या जनुकात दोष असला की नेदरटन सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो. त्यात जन्मापासूनच त्वचा लाल असते आणि सोलवटत राहते. रिव्हेट कापणे गरजेचे असले, तरी ते प्रमाणाबाहेर गेले की काय होते, हे त्यातून दिसते.

पाकिटातली एन्झाइम येतात कुठून?

सर्वात परिचित म्हणजे पपेन. झाडावरच्या कच्च्या पपईला सकाळच्या वेळी उथळ चिरा देतात, ठिबकणारा चीक गोळा करतात आणि वाळवतात. त्यापासून पपेन मिळते. फळ पिकत जाते तसा चीक कमी होतो.

अननसापासून ब्रोमेलेन मिळते. फळ काढल्यावर उरणारे खोड हा त्याचा मोठा स्रोत. किवीतून ॲक्टिनिडिन, तर अंजिराच्या चिकातून फायसिन मिळते. सब्टिलिसिन मात्र फळांतून नव्हे, बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून बनवतात. कपड्यांवरचे रक्ताचे, दुधाचे डाग काढण्यासाठी डिटर्जंटमध्ये वापरली जाणारी एन्झाइम याच घराण्यातली.

ॲसिडपेक्षा ती वेगळी कशी?

मुख्य फरक आकाराचा. ग्लायकोलिक ॲसिडच्या रेणूचे वजन ७६ डाल्टन, तर पपेनचे सुमारे २३ हजार डाल्टन. म्हणजे पपेनचा रेणू ३०० पट जड. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू अखंड त्वचेतून सहज आत जात नाहीत, हा त्वचाविज्ञानातला ठोकताळा २००० मध्ये मांडला गेला.

त्यामुळे ग्लायकोलिक ॲसिड खालच्या पदरांपर्यंत झिरपते आणि त्याबरोबर चुरचुरही होते. पपेन मात्र बरेचसे वरच राहते, मृत पेशींच्या थरावर काम करते आणि पाण्याने धुतले की निघून जाते. त्याच्या सौम्यपणाचे मूळ इथे आहे. यात ‘अखंड त्वचा’ ही अट मात्र विसरू नका.

‘फक्त मृत पेशीच खाते’ हे खरे का?

नाही. पपेनला मृत आणि जिवंत यांतला फरक कळत नाही. त्याला प्रथिनांच्या साखळीतला जोड दिसला की तो कापतो. चेहऱ्यावर ते मृत पेशींवर काम करते, कारण सर्वात वर मृत पेशीच असतात.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचापेशींवर पपेन वापरले गेले. त्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारी प्रथिने पपेनने तोडल्याचे आढळले. उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर त्यांच्यात ॲलर्जीची प्रतिक्रियाही तयार झाली. प्रयोगशाळा आणि उंदीर म्हणजे तुमचा चेहरा नव्हे. पण ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे समीकरण टिकत नाही, एवढे त्यातून कळते.

दुसरे उदाहरण रुग्णालयातले. अननसाच्या ब्रोमेलेनयुक्त एन्झाइमपासून बनवलेले ‘नेक्सोब्रिड’ हे औषध खोल भाजलेल्या रुग्णांची जळालेली त्वचा काढण्यासाठी वापरतात. युरोपात त्याला २०१२ मध्ये, तर अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते जखमेवर चार तास ठेवतात आणि त्यासाठी वेदनाशामक द्यावे लागते. फेस मास्कमध्ये मात्रा अगदी कमी आणि वेळ काही मिनिटांचा असतो. फरक मात्रेचा आहे, स्वभावाचा नाही.

जखमांवर लावायच्या पपेनच्या मलमांचा अनुभवही लक्षात घेण्यासारखा आहे. गंभीर ॲलर्जी, रक्तदाब घसरणे, हृदयाचे ठोके वाढणे अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये तिथली विनापरवाना पपेन मलमे बंद करायला लावली. ती उघड्या जखमांवर लावली जात होती. म्हणूनच फुटलेली मुरुमे, नुकतेच केलेले वॅक्सिंग किंवा दाढीचे काप असतील, तर चेहऱ्यावर एन्झाइम नको.

बाटलीतले एन्झाइम काम करते का?

याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला तर ती सेट होत नाही, कारण ब्रोमेलेन जिलेटिन हे प्रथिन तोडून टाकते. डब्यातला अननस घातला तर जेली व्यवस्थित जमते. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलेन निकामी झालेले असते. चायना ग्रासची जेली ताज्या अननसानेही बिघडत नाही, कारण चायना ग्रास प्रथिन नाही.

सौंदर्यप्रसाधनात हीच अडचण येते. पाणी असलेल्या क्रीममध्ये ही एन्झाइम कालांतराने एकमेकांनाच तोडू लागतात. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजनही त्यांना निकामी करतात. म्हणून काही उत्पादने कोरड्या पावडरच्या रूपात येतात. पाणी घातले की मगच एन्झाइम कामाला लागते. जपानमध्ये अशी फेस वॉश पावडर लोकप्रिय आहे.

लेबल वाचताना एक फरक लक्षात ठेवा. ‘पपेन’ आणि ‘पपया फ्रूट एक्स्ट्रॅक्ट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्क आहे म्हणून त्यात चालू स्थितीतले एन्झाइम असेलच असे नाही. एन्झाइमची कार्यक्षमता किती, हेही लेबलवर सहसा नसते.

मग घरचीच पपई लावली तर?

पिकलेल्या पपईच्या गरात पपेन फार कमी असते. कच्च्या पपईत भरपूर असते. पण किती, हे मोजायचे साधन घरात नसते. हा चीक त्वचेला लागला तर आग होते, पुरळ येऊ शकते.

आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी हा धोका जास्त. अशा त्वचेवर जळजळ झाली की ती शमल्यावर काळपट डाग मागे राहतो आणि तो जायला अनेक महिने लागू शकतात. म्हणजे डाग घालवायला लावलेली पपई नवा डाग देऊ शकते. लिंबू, सोडा आणि कच्ची पपई एकत्र करण्याचे रील्समधले प्रयोग तर टाळाच.

कोणी दूर राहावे?

• रबराचे हातमोजे किंवा फुगे यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी. रबराच्या चिकाची ॲलर्जी आणि पपई, किवी, अंजीर यांची ॲलर्जी अनेकदा जोडीने आढळते.
• पपई किंवा अननस खाल्ल्यावर तोंडाला सूज येणाऱ्यांनी.
• एक्झिमा, रोझेशिया किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असणाऱ्यांनी.
• रेटिनॉइड किंवा मुरुमांची औषधे लावणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय.

दमा असणाऱ्यांनी पावडरच्या बाबतीत सावध राहावे. डिटर्जंट कारखान्यांत एन्झाइमची भुकटी श्वासातून गेल्याने कामगारांना श्वसनाचे विकार झाल्याचे १९६९ मध्येच नोंदवले गेले होते.

वापरायचेच असेल तर

• आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून ठरलेल्या वेळाने धुवा आणि दोन दिवस वाट पाहा.
• पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका. ‘अजून थोडा वेळ’ इथे उपयोगाचा नाही.
• सुरुवात आठवड्यातून एकदाच करा. त्याच रात्री ॲसिड, रेटिनॉल किंवा स्क्रब नको.
• पावडर हवेत उडवू नका; तळहातावर पाण्यात कालवून फेस करा. डोळे आणि ओठांपासून दूर ठेवा.
• धुतल्यावर मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन लावा.
• बाटली उन्हात, तापलेल्या गाडीत किंवा गीझरजवळ ठेवू नका.

थोडी चुणचुण होऊन लगेच थांबली तर चिंता नको. आग, गांधी किंवा सूज आली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि ते उत्पादन पुन्हा वापरू नका. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठा.